दहा वर्षांत दुप्पट? आदिवासी आणि अनुसूचित जातींचे स्थानिक आकडे कसे वाचायचे

१९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे २९,५४,२४९ लोक नोंदले गेले. १९८१ मध्ये हाच आकडा ५७,७२,०३८ झाला, म्हणजे दहा वर्षांत ९५ टक्के वाढ. त्याच दशकात राज्याची एकूण लोकसंख्या २४.५ टक्क्यांनी वाढली होती. पुढच्या दशकात अनुसूचित जातींच्या आकड्याने तशीच उडी घेतली. १९८१ मध्ये ४४,७९,७६३ आणि १९९१ मध्ये ८७,५७,८४२. पुन्हा ९५ टक्के.

कोणताही समाज जन्माच्या जोरावर दहा वर्षांत दुप्पट होत नाही. त्यासाठी वर्षाला ७ टक्के वाढ लागते. हजारामागे वर्षाला ४५ जन्म आणि फक्त १० मृत्यू धरले, तरी वाढ साडेतीन टक्क्यांच्या पुढे जात नाही. मग ही माणसं आली कुठून? ती आधीपासून इथेच होती. फक्त आधी एका रकान्यात मोजली जात होती आणि नंतर दुसऱ्या.

एखाद्या समाजाची लोकसंख्या काळानुसार कशी बदलली याचा तक्ता हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ही दोन उदाहरणं समोर ठेवावीत. ग्रामसभेचा विकास आराखडा करणारा कार्यकर्ता असो, पत्रकार असो की प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी. एकूण लोकसंख्येचा आकडा जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन गोष्टींनी हलतो. समाजवार आकडा हलवणारी चौथी गोष्टही असते: माणसाची नोंद कोणत्या नावाने झाली. ही नोंद सरकारची अनुसूचित जाती-जमातींची यादी बदलल्याने बदलते, हद्द बदलल्याने बदलते, सांगणाऱ्याने वेगळं नाव सांगितल्यानेही बदलते. ही चौथी गोष्ट बाजूला काढल्याशिवाय पहिल्या तिघींबद्दल काही बोलू नये.

यादी बदलते तेव्हा

आधी जमातींची उडी. १९७६ पर्यंत अनुसूचित जमातींच्या यादीला क्षेत्रबंधन होतं. विदर्भात गोंड, कोलाम यांसारख्या जमाती मेळघाट तालुका, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले गडचिरोली आणि सिरोंचा तालुके आणि यवतमाळ जिल्ह्यातले केळापूर, वणी आणि यवतमाळ तालुके एवढ्याच भागात ‘अनुसूचित’ होत्या. केळापुरातला गोंड आकड्यात होता. त्याच जिल्ह्यात पुसद किंवा दारव्ह्याला राहणारा त्याचा सख्खा भाऊ नव्हता. नागपूर, वर्धा, भंडारा हे जिल्हे तर पूर्णच बाहेर. ठाकूर जमातीसाठीही अशीच ठराविक तालुक्यांची यादी होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे बंधन उठवलं, १९७७ मध्ये तो अंमलात आला, आणि १९८१ च्या गणनेत हे सगळे लोक एकदम आकड्यात आले.

त्यामुळे १९७१ साठी दोन वेगळे आकडे आढळतात. जनगणनेचा मूळ आकडा २९.५४ लाख. क्षेत्रबंधन उठल्यानंतर सुधारलेला, आदिवासी विकास विभागाच्या तक्त्यांमध्ये येणारा आकडा ३८.४१ लाख. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एका तक्त्यातून १९७१ आणि दुसऱ्यातून १९६१ उचलून एका रेषेत जोडल्यावर. कोणता आकडा घेतला हे तळटीपेत लिहायलाच हवं.

आता सुधारलेला आकडा घेऊन पुन्हा हिशेब करा. ३८.४१ लाखांवरून ५७.७२ लाख म्हणजे ५० टक्के वाढ. अजूनही राज्याच्या वाढीच्या दुप्पट. म्हणजे क्षेत्रबंधन हे सर्वांत मोठं कारण असलं तरी एकमेव कारण नाही. उरलेल्या वाढीत दुर्गम पाड्यांवरची गणना सुधारल्याचा वाटा असू शकतो आणि नामसाधर्म्याचाही. यादीत ‘हलबा’ आहे आणि हलबा-कोष्टी समाज आहे. यादीत ‘गोंड गोवारी’ आहे आणि गोवारी समाज आहे. यादीत कोळी महादेव, कोळी मल्हार, टोकरे कोळी आहेत आणि किनाऱ्यावरचे कोळी वेगळे आहेत. क्षेत्रबंधन असेपर्यंत तालुका पाहून नाव ताडता येत होतं. ते उठल्यावर केवळ नावावर भिस्त राहिली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हलबा-कोष्टी हे हलबा नोंदीत येत नाहीत असा निकाल दिला, २०२० मध्ये गोवारींबाबतही तसाच निकाल आला. पण जनगणनेत प्रगणक, म्हणजे घरोघरी मोजणी करणारा कर्मचारी, जातीचा दाखला मागत नाही, सांगितलेलं नाव यादीत आहे का एवढंच बघतो. न्यायालयाच्या निकालाने छापलेला जुना आकडा मागे जाऊन बदलत नाही.

अनुसूचित जातींची उडी समजायला १९५६ मध्ये जावं लागतं. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ मध्ये बौद्ध होते २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १९६१ च्या गणनेत बौद्ध भरले २७,८९,५०१. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशानुसार तेव्हा फक्त हिंदू आणि १९५६ नंतर शीख व्यक्तीच अनुसूचित जातीत मोजली जात होती. धर्म बौद्ध सांगितला की माणूस त्या रकान्यातून बाहेर. म्हणून १९६१ मध्ये महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींचं प्रमाण ५.६ टक्के दिसतं, जे वस्तुस्थितीच्या जवळपासही नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश झाला आणि १९९१ मध्ये प्रमाण ११.१ टक्के झालं. १९६१ ते १९८१ या काळासाठी गावातल्या किंवा तालुक्यातल्या या समाजांचा अंदाज हवा असेल, तर अनुसूचित जाती आणि बौद्ध या दोन रकान्यांची बेरीज हाच त्यातल्या त्यात जवळचा मार्ग आहे. १९९१ पासून पुढे मात्र ही बेरीज करायची नाही, कारण तीच माणसं दोनदा मोजली जातील.

यानंतरही गोष्ट सरळ झालेली नाही. प्रमाण १९९१ मध्ये ११.१ टक्के, २००१ मध्ये १०.२ आणि २०११ मध्ये ११.८. खऱ्या लोकसंख्येचं प्रमाण असं खाली-वर हेलकावे खात नाही. १९९१ ते २००१ मध्ये १२.८ टक्के वाढ आणि त्याच्या पुढच्या दशकात एकदम ३४ टक्के, हा नोंदणीतला बदल आहे असंच मानायला हवं. एक ठिकाण उघड दिसतं. २०११ मध्ये राज्यात ६५,३१,२०० बौद्ध होते आणि त्यांतले ५२,०४,२८४ अनुसूचित जातीत मोजले गेले. सव्वातेरा लाख बौद्ध बाहेर राहिले. यांतल्या अनेकांनी धर्म ‘बौद्ध’ सांगून जातीचं नाव सांगायला नकार दिला असेल, किंवा जात म्हणूनही ‘बौद्ध’ एवढंच सांगितलं असेल. ज्या विचारातून धर्मांतर झालं तो लक्षात घेता हा नकार समजण्यासारखा आहे, पण ‘बौद्ध’ हे अनुसूचित जातीच्या यादीतलं नाव नाही. किती जण जात सांगतात हे दर गणनेत बदललं की आकडा हलतो. अशा वेळी एका दशकावर निष्कर्ष काढू नये. वीस वर्षांची वाढ घ्यावी: १९९१ ते २०११ मध्ये अनुसूचित जाती ५२ टक्क्यांनी वाढल्या, राज्य ४२ टक्क्यांनी. हे वाचण्याजोगं चित्र आहे.

यादी राज्यापुरती असते हेही विसरू नये. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत. सीमेवरच्या तालुक्यातलं एक कुटुंब पलीकडे राहायला गेलं, तर एका राज्याच्या तक्त्यात ते कुठल्याच रकान्यात नसतं आणि दुसऱ्या राज्याच्या तक्त्यात नव्याने उगवतं.

हद्द बदलते तेव्हा

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती १ कोटी १० लाख ६० हजार. त्यात अनुसूचित जमातींचे सुमारे १५.४ लाख लोक, म्हणजे जवळपास १४ टक्के. १ ऑगस्ट २०१४ ला वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. तेच २०११ चे आकडे नव्या हद्दीत बसवले तर पालघरमध्ये प्रमाण सुमारे ३७ टक्के येतं आणि उरलेल्या ठाण्यात जेमतेम ५. एकही माणूस हललेला नाही. पुढच्या जनगणनेनंतर कुणीतरी ‘ठाणे जिल्ह्यातले आदिवासी १४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर’ असा मथळा देईल, ही भीती अनाठायी नाही. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून आणि गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळं झालं, तेव्हाच्या मालिकाही अशाच तुटल्या आहेत.

उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे. आज जी हद्द आहे ती पक्की धरायची आणि जुन्या प्रत्येक जनगणनेतले गावनिहाय आकडे त्या हद्दीत नव्याने बेरीज करून बसवायचे. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या तयार बेरजा वापरायच्याच नाहीत.

हे करताना लागणारी मुख्य फाइल म्हणजे प्राथमिक जनगणना गोषवारा. त्यात प्रत्येक महसुली गाव आणि शहरातला प्रत्येक प्रभाग यांची एकूण लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर आणि कामकरी यांचे स्त्री-पुरुष आकडे असतात. जमातीचं नाव, म्हणजे भिल्ल किती, वारली किती, कातकरी किती, हे गावपातळीवर छापलं जात नाही. ते जिल्ह्यापर्यंतच मिळतं. म्हणून ‘आमच्या तालुक्यात कातकरी किती’ या प्रश्नाला जनगणनेत थेट उत्तर नाही. कुणी असं उत्तर जनगणनेच्या नावाने दिलं तर ते कुठून आणलं हे विचारा.

गावं जुळवताना होणाऱ्या चुका जवळपास ठरलेल्या आहेत. नावावरून जुळवणी कधीच करू नका. खुर्द आणि बुद्रुक यांची अदलाबदल होते, एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असतात, आणि मराठी नावांचं रोमन लिप्यंतर दर जनगणनेत वेगळं असतं. गावाचा संकेतांक वापरा. पण २००१ चे संकेतांक आठ अंकी आहेत आणि २०११ चे सहा अंकी, त्यामुळे दोघांची सांगड घालणारी यादी आधी तयार करावी लागते. एक्सेलमध्ये संकेतांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात आणि निम्मी गावं ‘सापडत नाहीत’. तो स्तंभ मजकूर म्हणून उघडायचा, संख्या म्हणून नाही. बेचिराख गावं शून्य लोकसंख्येसह यादीत ठेवायची, वगळायची नाहीत. मागच्या गणनेत तिथे वस्ती असेल तर ती कुठे गेली हे शोधायचं असतं. सरदार सरोवरामुळे नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली आणि तिथली कुटुंबं तळोदा, शहादा भागातल्या वसाहतींमध्ये आली. नुसता गावाचा आकडा पाहणाऱ्याला नर्मदाकाठचं गाव आटलेलं दिसेल आणि तळोद्याकडे एकाएकी वाढ दिसेल.

गट ग्रामपंचायतीतही गफलत होते. योजनांचे आकडे ग्रामपंचायतनिहाय येतात, जनगणनेचे महसुली गावनिहाय. एका गट ग्रामपंचायतीत तीन-चार गावं असतात आणि एका गावात दहा-बारा पाडे. पाडा हे जनगणनेचं एकक नाही. एखाद्या गावात आदिवासींचं प्रमाण २० टक्के दिसत असेल, तर गावठाणात एकही घर नसून चार पाडे पूर्ण आदिवासी आहेत, असंही असू शकतं. रस्ता, पाणी किंवा अंगणवाडी कुठे हवी हे ठरवायला गावाचा आकडा अशा ठिकाणी निरुपयोगी आहे. तिथे पाड्यापाड्यावर जाऊन घरं मोजावी लागतात.

शिवाय गाव शहरात सरकतं. पाच हजारांवर लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, या अटी पुऱ्या झाल्या की जनगणना त्या गावाला शहर धरते, मग तिथे ग्रामपंचायत असली तरी. पालघरमधलं बोईसर हे असंच जनगणना शहर. फक्त ग्रामीण फाइल बेरजेला घेतली तर ही माणसं गळतात.

मोजणीचा महिना

२०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली आणि १ मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण प्रमाण धरून १ ते ५ मार्चला फेरतपासणी झाली. हे दिवस शाळा, हवामान आणि प्रगणकांची सोय पाहून ठरतात. आदिवासी तालुक्यांसाठी मात्र हे वर्षातले सर्वांत वाईट दिवस आहेत.

दिवाळी उरकली की मोखाडा-जव्हारकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, रायगडचे कातकरी कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर, सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात. सातपुड्यात माणूस परततो तो होळीला. २०११ मध्ये होळी १९ मार्चला होती, म्हणजे मोजणी संपून दोन आठवडे झाल्यावर. नियम असा की गणनेच्या पूर्ण काळात जो गावाबाहेर आहे त्याला गावात मोजायचं नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. त्यामुळे मोखाड्याच्या पाड्यावरचं कुटुंब भिवंडी किंवा वसईच्या हिशेबात जातं, आणि भट्टीवरच्या झोपडीपर्यंत प्रगणक पोचलाच नाही तर कुठेच जात नाही. गणना झाल्यावर घेतलेल्या पडताळणी पाहणीनुसार २०११ मध्ये देशात हजारी २३ माणसं सुटली होती. ही देशाची सरासरी आहे. हंगामी मजुरांच्या वस्त्यांत ती याहून बरीच जास्त असणार, असं मानायला पुरेशी कारणं आहेत.

याच्या उलट आश्रमशाळा. वसतिगृहात राहणारी मुलं संस्थेच्या गावात मोजली जातात. दोनशे-तीनशे मुलांची आश्रमशाळा असलेलं लहान गाव आकड्यांत एकदम तरुण, एकदम आदिवासी आणि भलतंच साक्षर दिसतं. शेजारच्या दहा पाड्यांतली मुलं मात्र गायब. गावाचं प्रमाण दोन जनगणनांमध्ये १५-२० टक्क्यांनी उसळलं असेल तर पहिला प्रश्न विचारा: मधल्या काळात इथे आश्रमशाळा सुरू झाली का?

दोन जनगणनांच्या मधलं वर्ष

२०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे आजचा कोणताही स्थानिक, समाजवार आकडा हा अंदाज आहे. केंद्राच्या तज्ज्ञ गटाने २०२० मध्ये दिलेले २०११ ते २०३६ चे प्रक्षेपित आकडे राज्यापर्यंतच आहेत. त्यात जिल्हे नाहीत आणि जमाती-जातीही नाहीत. अंदाज आपल्यालाच करावा लागतो, आणि तो कसा करायचा हे नंदुरबारच्या आकड्यांवर पाहू.

नंदुरबारमध्ये २००१ ला अनुसूचित जमाती ८,५९,५७४, २०११ ला ११,४१,९३३. इतर लोक ४,५२,१३५ वरून ५,०६,३६२. आधी मधलं वर्ष, २००६. दोन आकड्यांची साधी सरासरी घेतली तर १०.०१ लाख येतात. पण लोकसंख्या चक्रवाढीने वाढते. म्हणून दोन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढावं: ९.९१ लाख. फरक दहा हजारांचा. जिल्ह्यासाठी तो किरकोळ वाटेल, पण लसींच्या मात्रा किंवा शिधापत्रिका मोजताना दहा हजार माणसं किरकोळ नसतात.

वार्षिक दर काढायचा तर शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागून दहावं मूळ घ्यायचं. जमातींसाठी १.०२८८ येतं, म्हणजे वर्षाला २.८८ टक्के. इतरांसाठी १.१४ टक्के. दोन्ही समाजांना जिल्ह्याचा एकच दर लावणं ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे, कारण तसं केलं की आदिवासींचं प्रमाण २०११ च्या ६९.३ टक्क्यांवरच गोठतं.

आता पुढे, २०२१ साठी. जुनाच दर चालू राहिला असं धरलं तर ११.४२ लाखांचे १५.१७ लाख होतात. पण देशभर आदिवासी स्त्रियांचा जननदरही उतरला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो देशात स्त्रीमागे २.१ मुलांच्या आसपास आला. दर २ टक्के धरला तर १३.९२ लाख. दोन अंदाजांत सव्वा लाखाचा फरक. पुढचा अंदाज म्हणून एकच आकडा देणं इथे चुकीचं आहे, दोन्ही टोकं द्यायला हवीत.

तालुका आणि गावांचे अंदाज असेच प्रत्येकाच्या दराने काढले की त्यांची बेरीज जिल्ह्याच्या अंदाजाशी जुळत नाही. समजा गावांची बेरीज १,२६,००० आली आणि तालुक्याचा अंदाज १,२०,००० आहे. मग प्रत्येक गावाचा आकडा १,२०,००० भागिले १,२६,००० म्हणजे ०.९५२ ने गुणायचा. समाजवार तक्त्यात हे दोन्ही दिशांनी करावं लागतं: गावातले सगळे समाज मिळून गावाची एकूण लोकसंख्या यावी आणि सगळी गावं मिळून प्रत्येक समाजाची तालुक्यातली बेरीज यावी. एकदा आडवं, एकदा उभं, असं पाच-सात वेळा केलं की आकडे स्थिरावतात. वरच्या पातळीचा आकडा जास्त भरवशाचा असतो, म्हणून खालचे आकडे वरच्याला जुळवायचे. उलट कधीच नाही.

लहान गावाला गावाचा स्वतःचा वाढीचा दर लावू नये. एखाद्या गावात २००१ मध्ये ४० आदिवासी होते आणि २०११ मध्ये ७५. तो दर पुढे नेला तर २०२१ मध्ये १४० येतील. प्रत्यक्षात पाच कुटुंबं शेतमजुरीला येऊन स्थिरावली एवढंच झालेलं असतं. पाचशेच्या आतल्या आकड्याला तालुक्याचा दर लावणं बरं.

मधल्या वर्षांचा ताळा घ्यायला सरकारी नोंदी आहेत, पण प्रत्येकीचा कल ओळखून. रोजगार हमीच्या जॉबकार्डांवर प्रवर्ग असतो, पण ती काम मागणाऱ्या ग्रामीण कुटुंबांचीच यादी आहे. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत मुलांचा प्रवर्ग असतो, पण आश्रमशाळेचा गोंधळ तिथेही आहे आणि शाळा सोडलेली मुलं नाहीत. अंगणवाडीतली नोंद लहान मुलांसाठी सर्वांत जवळची, मात्र स्थलांतरित कुटुंबातल्या मुलाचं नाव दोन ठिकाणी असू शकतं. मतदारयादीत प्रवर्गच नसतो, आणि आडनावावरून जमात ताडणं हा तर सरळ चुकीचा मार्ग आहे. पवार, गावित, वळवी, जाधव ही आडनावं कुठे कुणाची असतील याचा नेम नाही. या नोंदींतून एकूण आकडा काढू नये. आपल्या अंदाजाची दिशा बरोबर आहे का, एवढंच त्यांना विचारावं.

संशय कधी घ्यायचा

धुळे जिल्ह्यात २००१ मध्ये १७.०८ लाख लोकांपैकी २६ टक्के अनुसूचित जमाती, २०११ मध्ये २०.५१ लाखांपैकी ३१.६ टक्के. माणसांत मांडलं तर सुमारे ४.४४ लाखांवरून ६.४७ लाख, म्हणजे ४६ टक्के वाढ. बाकीचे लोक वाढले ११ टक्के. शेजारच्या नंदुरबारात, जिथे जन्मदर जास्त आहे, तिथेही दशकाची वाढ ३३ टक्के आहे. हजारी ३५ जन्म आणि ७ मृत्यू धरले तर दशकात ३२ टक्के होतात. ४६ टक्के जन्माने शक्य नाहीत. उरतात तीन शक्यता: बाहेरून लोक आले, २००१ मध्ये बरेच सुटले होते, किंवा काहींनी आधी न सांगितलेलं जमातीचं नाव यावेळी सांगितलं. तिन्ही मिळूनही असेल.

कुठली शक्यता किती, हे पाहायला जिल्ह्याचा जमातनिहाय तक्ता उघडायचा. भिल्ल आणि पावरा दोघेही तीस टक्क्यांच्या आसपास वाढले असतील आणि एखादं तिसरंच नाव दुप्पट-तिप्पट झालं असेल, तर कारण नोंदीत आहे. सगळीच नावं सारख्या प्रमाणात फुगली असतील, तर मागच्या वेळची गणना कच्ची होती असा कयास बांधता येतो. मग शहरी आणि ग्रामीण वाढ वेगळी काढायची. स्थलांतर असेल तर ती शहरात आणि औद्योगिक पट्ट्यात एकवटते, पुरुषांचं प्रमाण वाढतं आणि ० ते ६ वयाच्या मुलांचा वाटा घटतो. नाव बदलल्याने आलेल्या वाढीत स्त्री-पुरुष आणि मुलं नेहमीच्याच प्रमाणात असतात, कारण तिथे अख्खी कुटुंबं एका रकान्यातून दुसऱ्यात गेलेली असतात. ही ओळख फार उपयोगी आहे.

नावाचा हा बदल केवळ आपल्याकडचा नाही. न्यूझीलंडमध्ये माणूस जनगणनेत एकाहून जास्त वांशिक ओळखी सांगू शकतो आणि तो प्रत्येकीत मोजला जातो, त्यामुळे सगळ्या गटांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते. तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे माओरींचे वंशज असणं आणि स्वतःला माओरी म्हणवणं हे तिथे दोन वेगळे प्रश्न आहेत. दहा वर्षांपूर्वी एक ओळख सांगणारा आज दुसरी सांगू शकतो हे तिथली सांख्यिकी संस्था उघड मान्य करते आणि अंदाज करताना जन्म, मृत्यू, स्थलांतर यांच्याबरोबर त्याचाही वेगळा हिशेब ठेवते. आपल्या तक्त्यांत हा चौथा रकाना नसतो, म्हणून तो वाचणाऱ्याने मनात आखावा लागतो.

या आकड्यांवर बरंच काही टांगलेलं आहे. विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ अनुसूचित जमातींसाठी आणि २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, त्या २००१ च्या आकड्यांवर. आदिवासी उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मागितला जातो, तो २०११ च्या ९.३५ टक्क्यांवर. पुढची जनगणना १ मार्च २०२७ चा क्षण प्रमाण धरून होणार आहे, तसं १६ जून २०२५ च्या अधिसूचनेत आलं आहे, आणि १९३१ नंतर प्रथमच सगळ्या जातींची नोंद त्यात होईल. २०२७ ची होळीही मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आहे. भट्टीवर आणि फडावर गेलेली कुटुंबं यावेळीही गावी नसतील. कोणत्या पाड्यावरून कोण, किती जण, कुठल्या तालुक्यात गेले याची यादी ग्रामसभेने जानेवारीतच केली, तर नंतर गावाचा आकडा कमी आल्यावर नेमकं किती कमी आला हे दाखवता येईल. आणि प्रगणकाला ‘आदिवासी’ किंवा नुसतं ‘कोळी’ सांगून भागत नाही. यादीतलं नेमकं नाव सांगावं लागतं.

तोवर अंदाज छापायचा असेल तर त्याच्याबरोबर हद्द, यादी, पद्धत आणि दोन्ही टोकं छापावीत. नमुना असा: ‘नंदुरबार जिल्हा, २०११ ची हद्द आणि २०११ ची यादी. अनुसूचित जमाती, २०२१ चा अंदाज १३.९ ते १५.२ लाख. वरचं टोक २००१-११ चा २.८८ टक्के वार्षिक दर धरून, खालचं टोक २ टक्के दर धरून. हंगामी स्थलांतरासाठी दुरुस्ती केलेली नाही.’